बाईंचा चार दिवसांचा आळस

११ जानेवारी, शनिवार. गच्चीवरची पाण्याची टाकी घासायला घेतली. हजार लिटरची काळी टाकी, आत उतरूनच घासावी लागते. माणूस लावला तर तो वरवर पाणी फिरवून जातो, म्हणून दरवर्षी मीच उतरते. यंदा मात्र ती घासून अजून दोन महिनेही झालेले नाहीत. परवा मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या उतरवून धुतल्या. त्याच्या आदल्या दिवशी चौदा मुलींच्या चौदा गाद्या उन्हात टाकल्या. कामाला मी कधी मागे नव्हते, पण या आठवड्यात जरा जास्तच पुढे गेले आहे, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे.

लातूरच्या ट्यूशन एरियात मी मुलींना राहायला खोल्या आणि दोन वेळचं जेवण देते. त्यातली एक देवणीकडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. मुलगी रिपीटर, म्हणजे बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी. तीन आठवड्यांपूर्वी गावाहून आलेलं तुरीच्या डाळीचं पोतं उतरवून घ्यायला मी बसस्टँडवर गेले होते. सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे ती वर्गात असण्याची वेळ. ती बाकावर बसली होती, बॅग मांडीवर घेऊन. तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं. मी पोतं रिक्षात टाकलं आणि निघून आले.

तेव्हापासून माझं लक्ष आहे. रोज साडेसहाला ती बाहेर पडते आणि वर्ग सुटायच्या वेळी बाकीच्या मुलींबरोबर परत येते. डबा मात्र भरलेला परत येतो. "काकू, ती आळशी आहे हो," तिच्या खोलीतली मुलगी मला म्हणाली, "टेस्टला पण येत नाही." दर रविवारी सकाळी आठ वाजता तिच्या वडिलांचा फोन येतो. "मॅडम, लेक अभ्यास करून राहिली ना?" सज्जन माणूस आहे. मी "हो सर, चाललंय" म्हणते. असे तीन रविवार झाले. उद्या चौथा.

टाकीच्या तळाशी उकिडवी बसून घासत असताना मला आमच्या बाई आठवल्या. या वेळी त्यांनी मला काय विचारलं असतं ते मला अक्षर न चुकता माहीत आहे.

मी डी.एड. करत होते तेव्हा लातूरच्याच एका ख्रिस्ती मुलींच्या बोर्डिंगात राहत होते. माझे वडील लोह्याकडे शिक्षक होते, त्यांनी आणून सोडलं होतं. लहान मुलींच्या खोलीत झोपायचं, त्यांच्या वेण्या घालायच्या, आणि त्या बदल्यात राहणं-जेवण, असा करार होता. बोर्डिंगच्या प्रमुख म्हणजे आमच्या बाई. त्यांना नाव होतं, पण सगळं गाव "बाई"च म्हणायचं, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. उंच, हडकुळ्या, जालन्याकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. पायात पुरुषांच्या चपला घालायच्या, कारण त्या जास्त टिकतात.

बाईंच्या खोलीत खुर्ची नव्हती. आधी दोन होत्या म्हणे, त्या त्यांनी आल्या आल्या शिवणवर्गाला देऊन टाकल्या. त्या हजेरी उभ्यानं लिहायच्या, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून. जेवायच्या उभ्यानं. कुणी पाहुणा आला तर त्यालाही उभं राहावं लागे, त्यामुळे पाहुणे लवकर जात. फक्त रविवारी दुपारी त्या चर्चमधली घडीची खुर्ची आणून अंगणात मांडायच्या आणि दोन ते पाच तिच्यावर बसायच्या. देवानं विसावा घ्यायला सांगितलाय, म्हणून घ्यायचा. पण तोसुद्धा नेमून दिलेल्या कामासारखा. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर घड्याळाकडे. पाच वाजले की खुर्ची उचलून परत.

आमच्याकडे "नंतर" हा शब्द बंद होता. भांडी कधी घासशील असं विचारल्यावर "नंतर" म्हटलं की बाई म्हणायच्या, "नंतर म्हंजे किती वाजता?" मग पोरगी घाबरून "सव्वापाचला" म्हणायची आणि बाई सव्वापाचला तिथं हजर असायच्या. झाडून आलेल्या मुलीला त्या विचारायच्या, "झाडलंस का नुसता झाडू फिरवलास?" दोन्हींतला फरक त्यांना दारातूनच दिसायचा.

आळशी मुलीला त्या जास्तीचं काम कधी देत नसत. उलट तिचं काम काढून घ्यायच्या. सगळ्या मुली पाणी भरत, भाकऱ्या थापत, कपडे पिळत असताना तिनं पायरीवर तासभर नुसतं बसायचं. हातात पुस्तक नाही, कुणाशी बोलायचं नाही. पहिली पाच मिनिटं पोरगी खूश असायची. वीस मिनिटांनी ती "बाई, मी निदान तांदूळ निवडते" म्हणून विनवायला लागायची. "न्हाई. तुला बसायचं होतं ना? बस." मी स्वतः ही शिक्षा एकदा भोगली आहे. पुन्हा भोगावी लागू नये एवढी मी सुधारले.

प्रार्थनेवरही त्यांची नजर असे. परीक्षेच्या सकाळी एक मुलगी गुडघे टेकून बराच वेळ बसली होती. बाईंनी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं. "प्रभूला भूगोल येतो. तुला येत न्हाई. ऊठ, नकाशा काढ." पाळकसाहेब एकदा उपासनेला दहा मिनिटं उशिरा आले, तर बाईंनी ते आल्या आल्या सगळ्यांसमोर स्वतःचं मनगटी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. "आठवडाभर वापरा. पुढच्या रविवारी परत द्या." पाळकसाहेब तरुण होते. त्यांनी वापरलं आणि परतही दिलं.

असं हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना भूकंप झाला.

गणपती बुडवलेल्या रात्री, पहाटेच्या सुमाराला. आमच्या बोर्डिंगच्या भिंतीला दोन भेगा पडल्या, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. उजाडेपर्यंत आम्ही सगळ्या मैदानात बसून होतो. किल्लारीकडची बातमी दुपारपर्यंत आली. तिकडची घरं माळवदाची, म्हणजे दगडामातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड छत. ती झोपलेल्या माणसांवर बसली होती.

मुलींचे आईबाप यायला लागले. सायकलवरून, जीपला लोंबकळून, चालत. आपापली पोर छातीशी धरायचे आणि घेऊन जायचे. दोन दिवसांत बोर्डिंग अर्धं रिकामं झालं. किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यातली पाचवीतली सुमन फाटकाशी उभी राहायची. तिचं कुणी येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिचा चुलता आला. सुमन तेव्हा मागे हौदावर होती. फाटकाशी बाई आणि मी दोघीच होतो. त्याच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं, अंगावरची धूळ तशीच होती. शेतावर झोपला होता म्हणून तो वाचला होता. सुमनची आई, बाप आणि धाकटा भाऊ, तिघंही गेले होते.

"बोलावू का तिला?" बाईंनी विचारलं.

"नगा." त्यानं फाटकाचा गज धरला. "माझ्यानं व्हणार न्हाई. तोंडच उघडायचं न्हाई माझं. तुमी मोठ्या हाव, शिकलेल्या हाव. तुमी सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या.

तो लगेच परत फिरला. घरातली आणखी माणसं दवाखान्यात होती.

त्याच दुपारी मुंबई-पुण्याकडून कपड्यांचे ट्रक आले. जुने कपडे, गाठोडीच्या गाठोडी. मदत म्हणून लोकांनी कपाटं रिकामी केली होती. शर्टांना बटणं नाहीत, परकरांना नाड्या नाहीत, अर्धे कपडे चिंध्या करण्याच्या लायकीचे. तालुक्याच्या गावांत असे ढीग रस्त्याकडेला पडून होते. बाई म्हणाल्या, आमच्या हातून बटणाशिवाय एक कपडा जाणार नाही. ज्यांचं सगळं गेलंय त्यांना उघड्या छातीचा शर्ट द्यायचा नाही. त्यांनी वर्गातली बाकं बाजूला सारली आणि कामाची ओळच लावली. एकीनं फाटके कपडे वेगळे करायचे, दुसरीनं त्यांची बटणं कापून काढायची, तिसरीनं ती आकाराप्रमाणे लावायची, मोठ्या मुलींनी शिवायची. चर्चच्या बायका आल्या, शेजारपाजारच्या आल्या. बाई उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उभ्या. लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, काम करावं तर बाईंनी.

बटणं कापायचं काम त्यांनी सुमनला दिलं.

पोर दिवसातून तीनचारदा विचारायची, "बाई, माझ्या गावचं कुणी आलं का?" आणि ज्या बाईंनी आमचा "नंतर" बंद केला होता त्या तिला म्हणायच्या, "हा ढीग होऊ दे, मग बघू." मी समोरच शिवत बसलेली असायचे. मलाही माहीत होतं. मी सुईत दोरा ओवायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई संध्याकाळी सांगतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, पोरीला जरा खाऊपिऊ घालून सांगतील. तिसऱ्या दिवशी मी त्यांना स्टोअरच्या खोलीत गाठलं आणि म्हटलं, "बाई, सुमनला..." त्या गाठोडं सोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दुसरा ट्रक येऊन राहिलाय, बाकं सरकव." मी बाकं सरकवली.

चौथ्या दिवशी दुपारी सुमन उठली. तिच्यासमोरचा ढीग संपला होता. फाटक्या शर्टांच्या घड्या घालून तिनं भिंतीशी रचल्या होत्या, आणि सगळी बटणं एका बिस्किटांच्या डब्यात भरली होती. डबा दोन्ही हातांनी धरून ती बाईंपुढे आली. कात्रीनं तिच्या अंगठ्याला फोड आला होता.

"झालं बाई. सगळा ढीग झाला," ती म्हणाली. "आता बघू?"

खोलीत वीसेक बायका होत्या. सगळ्यांचे हात थांबले. बाईंनी डबा घेतला, माझ्याकडे दिला आणि सुमनला घेऊन बाहेर गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. हौदाजवळ बाई जमिनीवर बसल्या. कामाच्या दिवशी, भर दुपारी बसलेल्या मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुमनला त्यांनी समोर बसवलं, मांडीवर घेतलं नाही, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. काय शब्द वापरले ते मला माहीत नाही. मिनिटभरात संपलं. अंधार पडेपर्यंत दोघी तिथंच होत्या. आत आम्ही बटणं लावत राहिलो, पण कुणीच एकही धड लावलं नसावं.

त्या रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. साक्ष म्हणजे मंडळीतल्या ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणी म्हणालं, माझं घर राखलं. कुणी म्हणालं, माझी म्हातारी वाचली. मग बाई उठल्या. बाई साक्षीला कधीच उठत नसत, त्यांना ते वेळ घालवणं वाटायचं.

"मी चार दिवस आळस केला," त्या म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. दोघातिघांनी सवयीनं "आमेन" म्हटलं. पाळकसाहेबांनी हात जोडले. "बघा, एवढी सेवा करूनही बाईंची किती ही नम्रता..."

"नम्रता न्हाई, पाळकसाहेब. ऐकून घ्या." बाईंचा आवाज हजेरी घेताना असायचा तसाच होता. "एका लेकराला एक गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी हो म्हटलं होतं. ते अवघड होतं. म्हणून मी दुसरं सोपं काम धरलं आणि त्याच्यात लपले. तुमी सगळ्यांनी येऊन माझं कौतुक केलं. मला चहा आणून दिला. खाटेवर लोळणारा आळशी तुमाला दिसतो. मी उभी होते म्हणून तुमाला दिसले न्हाई. देवाला दिसत होते. त्या चार दिवसांत सबंध लातुरात माझ्याइतकं आळशी कुणी नव्हतं."

आणि खाली बसल्या. पाळकसाहेबांना पुढचं गीत कोणतं ते सापडेना.

उपासना सुटल्यावर बायका आवारात उभ्या राहून बोलत होत्या. "ताण आलाय बाईला. झोप न्हाई ना." दुसरी म्हणाली, "ती जर आळशी, तर मग आपण कोण गं?" त्यावर जरा हशा झाला. मी हसले नाही, कारण शिवत बसणाऱ्यांत मीही होते, आणि मी तर उठून साक्षही दिली नव्हती.

यानंतर बाई मवाळ वगैरे झाल्या असं कुणी समजू नये. चपला त्याच, आवाज तोच, पायरीवर बसवण्याची शिक्षा चालूच. खुर्ची आली नाही. फरक एवढाच पडला, की पूर्वी त्या रिकाम्या माणसाला धरायच्या, आता कामात असलेल्याला धरायला लागल्या. कुणी फार मन लावून काही करताना दिसलं की शेजारी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "बेस चाललंय. हे कशाच्या बदल्यात करून राहिलीस?"

मला त्यांनी एकदा विचारलं. माझा पहिला सराव पाठ होता, म्हणजे चाळीस मुलांसमोर उभं राहून शिकवायचं. मला त्याची इतकी धास्ती होती की मी आठ दिवस पाठाच्या वहीत रंगीत शाईनं चौकटी काढत बसले होते. बाईंचा प्रश्न ऐकला आणि मी वही मिटली. त्यांनी तिथल्या तिथं बारा मुली बोलावून माझ्यासमोर बसवल्या. "शिकव."

पाळकसाहेबांनाही सोडलं नाही. ते एकदा चर्चच्या भिंतीला स्वतः चुना देत होते, अंगभर शिंतोडे उडालेले. "पाळकसाहेब, चुना बेस लागलाय. कशाच्या बदल्यात?" मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ मरणाला टेकले होते आणि त्यांचं पाळकसाहेबांशी वाजलेलं होतं. दोन महिने ते तिकडे फिरकले नव्हते. त्यांनी ब्रश बादलीत ठेवला आणि तसेच गेले. ती भिंत पुढे बरेच दिवस अर्धी पांढरी होती. बाईंनी ती कुणाला पुरी करू दिली नाही असं म्हणतात, पण मला वाटतं नुसता चुना संपला असावा.

निवृत्त झाल्यावर बाई नांदेडला भाच्याकडे राहायला गेल्या. शेवटचं वर्षभर त्या अंथरुणाला खिळून होत्या. मी भेटायला गेले तेव्हा काय विचारावं ते मला सुचेना. बाई आणि आडव्या, हे चित्रच डोक्यात बसत नव्हतं.

"दिवसभर काय करता, बाई?"

"पडून राहते. आता हेच काम दिलंय. लई अवघड हाय." मग म्हणाल्या, "पण करून राहिले."

त्यांच्या मातीला सुमन सोलापूरहून आली होती. दहावीपर्यंत ती बाईंजवळच वाढली, मग नर्स झाली. कबरीवर माती लोटून झाल्यावर आम्ही दोघी कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या होतो. बटणांचा विषय तिनंच काढला.

"ताई, मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. कुणी येत नाही म्हटल्यावर कळतंच की."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी सांगितलं नाही तर रडायचं कसं? रडले असते आणि खरं नसतं, तर? म्हणून मी वाट बघत होते. बटणं कापत होते."

मी तिला विचारलं, हे तू बाईंना सांगितलंस का?

"सांगितलं. नर्सिंगला निघाले तेव्हा. त्या म्हणाल्या, तिथं कुणाच्या माणसाला काही सांगायची वेळ येईल, ते दुसऱ्यावर ढकलू नकोस. आमच्या वॉर्डात डॉक्टर मलाच पाठवतात आता."

टाकी दुपारी दोनला घासून झाली. मी बाहेर आले, हातपाय आखडले होते. बाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे टाकीभर उत्तर होतं. मुलीला विचारलं तर ती काय सांगेल याची मला भीती वाटत होती, आणि तिच्या वडिलांना सांगितलं तर ते काय म्हणतील याची त्याहून जास्त. एवढंच. संध्याकाळी तिचा डबा उघडला. दोन्ही पोळ्यांची घडी मी घातली तशीच होती. मी डबा धुतला, आणि आज आणखी काहीही घासायचं नाही असं ठरवून झोपले.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी स्वयंपाक कामाच्या बाईवर सोपवला आणि जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले. साडेसहाला ती बॅग घेऊन उतरली.

"काकू, टेस्ट आहे."

"टेस्ट राहू दे. बॅग ठेव आणि माझ्याजवळ बस."

ती बसली. मी म्हटलं, "तुला बसस्टँडवर पाहिलं त्याच दिवशी मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ती माझी चूक. आता विचारते. काय होतंय तुला?"

तिनं बॅग पायाशी सरकवली. मग म्हणाली, "वर्गात बसलं की मला काही ऐकूच येत नाही, काकू. सरांचं तोंड हलताना दिसतं फक्त."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ती तासभर बोलली. झोप लागत नाही, घास गिळत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं. उपासनेची वेळ जवळ येत होती, मी घड्याळाकडे पाहिलं नाही. आधी डॉक्टरकडे जायचं आणि परीक्षेचं त्यानंतर ठरवायचं, एवढं आम्ही दोघींनी ठरवलं. शेवटी ती म्हणाली, "पप्पांना कसं सांगू? ते म्हणतील, आळशी झाले."

"तू काही आळस केलेला नाहीस. तो मी केला. म्हणून सांगायचं काम माझं."

आठ वाजायला दहा मिनिटं कमी होती. त्यांचा फोन यायची वाट न बघता मीच लावला. ती माझ्या शेजारी बसून होती. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

"सर, आधी ऐका, लेक माझ्याजवळ बसलेली आहे, सुखरूप आहे. गेले तीन रविवार मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. ते आता सांगते."

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बोला मॅडम," ते म्हणाले. मी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.